महालाचा पडदा : तिढा सुटला, दोर बदलले

नाटकातला महालाचा रंगवलेला पडदा रात्र चढते तसा तिरका होतो, असं रडगाणं मागे गायलं होतं. तो अखेर पहाटेच्या अंकातही सरळ वर गेला! दोष पुलीत नव्हताच, दोरात होता.

वडशाकडच्या मंडईतले, म्हणजे गावच्या जत्रेतले, नाटकाचे खेळ रात्रभर चालतात. आजूबाजूला धानाच्या बांध्या, मध्यरात्रीनंतर दव असं पडतं की पडदा हाताला ओला लागतो. पहिल्या अंकात सपाट असलेला पडदा तिसऱ्या अंकापर्यंत डावीकडून वीतभर वर चढायचा. पुल्या बदलल्या, ग्रीस लावलं, बांबू काढून पाईप घातला. फरक शून्य. शेवटी दिवसाढवळ्या सुताचा दोर ताणून बांधला, खडूनं खूण केली आणि बादलीभर पाणी ओतलं. खूण सरकताना दिसली. सुती दोर भिजला की फुगतो आणि आखडतो. आम्ही ओढतो उजव्या विंगेतून, म्हणजे डाव्या टोकाचा दोर सगळ्यात लांब. तोच सगळ्यात जास्त आखडणार.

नायलॉन नको, भाऊहो. ते ओझ्यानं ताणतं आणि ओलं झालं की ताकदही घटते. पॉलिस्टर घेतला, महाग पडला, पण जागचा हलत नाही.

धानाच्या काट्यावर पडदा तोलला : कोरडा 22 किलो, पहाटे 29. हिशेब ओल्या वजनाचाच धरा, वर पाईपचं वजन मिळवा. दोर सरळ वर जाऊन सरळ खाली येत असेल तर पुलीवर ओझ्याच्या दुप्पट भार येतो, काटकोनात वळत असेल तर सुमारे 1.4 पट. गाठीमुळे दोराची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून तुटण्याच्या भाराचा दहावा हिस्सा, त्यापुढे मी जात नाही. दोर-पाईप जोडायच्या लोखंडी कडीबद्दल, शॅकलबद्दल, दुकानदार म्हणतो, "ही शॅकल कितीही उचलते." किती भार पेलते ते तिच्यावर कोरलेलं नसेल तर ती कलाकाराच्या डोक्यावर लागणार नाही, विषय संपला.

पडदा वर गेला की पाईपला वायर रोपचा जादा फास अडकवतो, जवळपास ढील न ठेवता. दोर तुटलाच तर हा फास पडदा धरतो, पण ढील असली तर झटकाच तार तोडेल. फासाची तार आवळणाऱ्या बुलडॉग क्लिपचं खोगीर (खाचेचा जाड भाग) भार घेणाऱ्या तारेवर, यू-बोल्ट (वाकवलेली सळी) मोकळ्या टोकावर. हे प्रत्येक खेळाआधी मी स्वतः हात लावून बघतो. खाली पोट्टे बसलेले असतात.

आता जंगलाचा पडदा. तो 14 फुटी, तो पूर्ण वर न्यायला मंडपाची उंची पुरत नाही, म्हणून गुंडाळीच करणार होतो. पण लिहिता लिहिता सुचतंय : खालच्या पाईपलाही दोर बांधून दोन्ही पाईप सोबत वर नेले तर निम्म्या उंचीत काम होईल. घडीवर रंग तडकेल का? डिस्टेंपरवर कुणी करून पाहिलंय?