आयत्या वेळचे विषय

आमच्या गावात ग्रामसभेचा कोरम दोनच वेळा भरतो. घरकुलाची यादी वाचायची असेल तेव्हा, नाहीतर वाघ आला असेल तेव्हा. कायद्याने एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातले जे कमी असेल तेवढे लोक लागतात. एरवी शिपाई दारोदार फिरतो, अर्धा तास वाट बघतात, मग सभा तहकूब करतात. तहकूब सभेला कोरमची अट नाही, त्यामुळे पुढच्या वेळी सात-आठ टाळकी बसून गावाचा कारभार उरकतात. पण नोव्हेंबरातल्या विशेष सभेला मारुतीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पायऱ्यांवर बसल्या होत्या, पोरं पारावर.

वाघ म्हणजे बिबट्याच, शिरूर-जुन्नर-आंबेगावच्या लोकांना वेगळं सांगायला नको. कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला, आणि वर्ष-दीड वर्ष न हलणाऱ्या त्या उसात बिबट्याच्या माद्या पिल्लं घालू लागल्या. उसात जन्मलेल्या बिबट्याला डोंगर ठाऊकच नसतो, त्याचं घर ऊसच. इतकी वर्षं कालवडी, शेळ्या, कुत्री जायची, लोक हळहळायचे आणि पंचनामा करून घ्यायचे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्या दिवसांत आमच्या गावात संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

मी दूध डेअरी चालवते. सकाळी साडेपाचला शटर वर, संध्याकाळी पुन्हा साडेपाच ते सात. फॅट काढायचं मशीन, काटा, आणि समोर किटल्या घेऊन रांगेत उभं निम्मं गाव. त्यामुळे कुणाच्या गोठ्यामागे पंजा उमटला, कुणाच्या मोटारीची केबल चोरीला गेली, कोणत्या खांबावरचा दिवा गेलाय, हे मला ग्रामपंचायतीच्या आधी कळतं. रांगेतली निम्मी माणसं मळ्यातून, उसाच्या मधल्या पाणंदीने, अंधारात येतात. म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

मुख्य सभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. आमच्याकडे ती बहुतेक वेळा रजिस्टरमध्ये होते. शिपाई वही घेऊन घरी येतो, आपण पीठ मळता मळता सही करतो. या वेळी अंगणवाडीताईंनी आणि बचत गटाच्या आक्कांनी ठरवलं, सभा बसूनच घ्यायची. बसलो. आणि काय सांगू, वाघ हा शब्द तासाभरात दोन-चारदाच आला असेल. बाया काय बोलल्या? संडास घराच्या मागे, तिथे बल्ब नाही. शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ इतकी माजलीय की पोरं एकामागे एक चालतात. ओढ्याच्या पुलाखाली कुणीतरी पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी पोत्यात भरून टाकतं, त्यावर कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो. डेअरीच्या वळणावरचा दिवा दिवसभर जळतो आणि रात्री झोपतो. चार ठराव झाले. भाऊसाहेबांनी ते लिहून घेतले. (सरकारने 2024 मध्ये ग्रामसेवकाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गावात ते भाऊसाहेबच.)

दुसऱ्या दिवशीची सभा वेगळ्याच सुरात सुरू झाली. माईक हातात आला की माणसाचा आवाज बदलतो. "वाघ धरा, न्हाईतर आम्हाला मारायची परवानगी द्या," असं तात्यांनी सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मग प्रत्येकाने तेच वाक्य आपापल्या परीने म्हटलं. बिचारे वनरक्षक एका कोपऱ्यात टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, ग्रामसभेच्या ठरावाने ती मिळत नाही. कोण ऐकतोय.

"मग सगळे धरा आणि माणिकडोहला न्या." माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात गावोगावचे बिबटे ठेवायला जागा नाही. आणि धरून लांब सोडायचा प्रयोग याच जुन्नर भागात 2001 ते 2003 मध्ये होऊन गेलाय. धरलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले, तर जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. यावर अभ्यास होऊन तो छापूनही आलाय. इकडे रिकाम्या झालेल्या उसात दुसरा येऊन बसतो तो वेगळाच. माणसावर गेलेला बिबट्या धरलाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. पण दिसला की पिंजरा, ही मागणी मला राग शांत करण्यापुरती वाटते.

तरी पिंजऱ्याचा ठराव झाला. एकमताने. मग वनरक्षक हळूच म्हणाले, "पिंजरा उद्या आणतो. आत बांधायला शेळी कोण देणार?"

सभामंडपात पहिल्यांदा शांतता पसरली. मघाशी सगळ्यात मोठ्याने बोलणारे खांबावरची रंगाची पोपडी बघायला लागले. शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी, ज्यांच्याकडे मोजून दोन शेळ्या आहेत, सांगितलं, "माझी न्या, पर सकाळी परत आणून बांधा." लोक हसले. मला हसू आलं नाही.

दिवसा विजेचा ठराव मात्र खरा मोलाचा. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीने येते. रात्रपाळी आली की माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला उसात वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला सावजाच्या उंचीचा दिसतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचं दुसरं पर्व 2023 ला जाहीर झालं, ते याच दिवसाच्या विजेसाठी. आमच्या फीडरची, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या वीजवाहिनीची, पाळी यायची आहे. ठराव गेला, आमदारांना प्रत गेली.

मग ऊसतोडीचा विषय. कुणीतरी शहाणपणाचं बोललं, की शाळेच्या वाटेला आणि वस्त्यांना लागून असलेला ऊस कारखान्याने आधी तोडून न्यावा. सगळ्यांना पटलं. आणि पुढच्या पाच मिनिटांत ज्याला त्याला आपल्याच उसात वाघ दिसायला लागला! एकाचा ऊस वस्तीपासून दीड किलोमीटर लांब, तोही म्हणे, "परवाच बघितला की, बांधावर बसला होता." लवकर तोड मिळावी म्हणून माणूस वाघालाही साक्षीला उभा करतो. यादी शेवटी पोलीस पाटलांकडे सोपवली.

या सगळ्यात ऊसतोड कामगारांचं नाव कुणी काढलं नाही. उसाच्या कडेला त्यांच्या कोप्या, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या. पोरं जमिनीवर झोपतात, आईबाप पहाटे थंडीत फडात. सगळ्यात उघड्यावर तेच. मी विषय काढला, निदान कोप्यांपाशी एखादा सोलर दिवा द्या म्हणून. उत्तर आलं, "ते कारखान्याने बघावं." त्यांचं मतदान इथे नाही, संपला विषय.

दोन तास झाले. मग भाऊसाहेब म्हणाले, "आयत्या वेळचे विषय." हे ऐकलं की लोक चपला शोधायला लागतात. आणि बायांचे चारही ठराव नेमके तिथे, तळाला. मी उठून म्हटलं, भाऊसाहेब, महिला सभेचे ठराव या सभेपुढे मांडायचे असतात, वाचून दाखवा. त्यांनी वाचले. लगेच कुणीतरी, "निधी कुठाय?"

इथे भाऊसाहेबांचं कौतुक करायला हवं, कारण त्यांनी पैशाचं गणित इतकं सोपं करून सांगितलं की मलाही पहिल्यांदा नीट कळलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के बंधित, तो फक्त पाणी आणि स्वच्छतेला. 40 टक्के अबंधित, त्यातून दिवे, रस्ते, गटारी, सगळं गाव त्याच्यावर टपलेलं. दिव्यांसाठी भांडावं लागेल, पण ओढ्यातला कचरा हा स्वच्छतेचा विषय, त्याला बंधितमधून पैसे आहेत, कुणाशी भांडायची गरज नाही. म्हणजे वाघाचा निम्मा बंदोबस्त स्वच्छतेच्या खात्यात पडून होता, आणि आम्ही दोन तास शेळी कोण देणार यावर बसलो होतो.

दिवे कुठे लावायचे यावर जुंपलीच. सदस्यांच्या दारात दिवा हा आमच्याकडचा जुना मामला. मी सुचवलं, कागदावर ठरवू नका, रात्री सातला चालत जाऊ आणि जिथे आपल्यालाच भीती वाटेल तिथे खूण करू. दोन सदस्य, पोलीस पाटील, वनरक्षक, वायरमन, अंगणवाडीताई आणि मी निघालो. चुन्याची डबी पोलीस पाटलांच्या हातात. डेअरीच्या वळणावर वायरमनने खांबावर चढून बघितलं. दिवा चांगला, वायर थेट जोडलेली, मध्ये स्विचच नाही. त्यातच होल्डर सैल, थंडीने वायर आकसली की संपर्क तुटतो. पकडीने पिळून त्याने तिथल्या तिथे जोडला. वर्षभराची तक्रार, दहा मिनिटांचं काम. पुढे पाणंदीत शिरलो तेव्हा एका सदस्यांनी, जे सभेत "बायांच्या मनातली भीती" म्हणाले होते, माझ्या बॅटरीच्या उजेडाबाहेर एक पाऊल टाकलं नाही. चुन्याच्या खुणा भराभर पडल्या. एकही कुणाच्या दारात पडली नाही.

माझ्यापुरतं मी एक केलं. संध्याकाळचं संकलन तासभर आधी घेतलं. सोपं नव्हतं. दोन धारांमधलं अंतर बदललं की गाई दूध चोरतात, फॅट इकडेतिकडे होतं, आठवडाभर सगळ्यांनी मलाच बोल लावले. टेम्पोवाल्याला पटवायला जास्त दिवस गेले, कारण त्याला पुढची गावं आहेत. पण आता शेवटची किटली उजेडात घरी पोचते.

आजची परिस्थिती अशी. चुन्याच्या खुणांपैकी निम्म्या ठिकाणी दिवे लागलेत, बाकीचे "मंजुरीत". शाळेच्या वाटेची एका बाजूची बाभूळ जेसीबीने काढली, दुसऱ्या बाजूला दोन भावांचा बांधाचा वाद आहे, तिथे हात लावायला कुणी तयार नाही. पुलाखालचा ढीग उचलून मुरूम टाकला. चार दिवसांनी पुलाखाली पुन्हा दोन पोती. पोल्ट्री कुणाची, हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत आहे, पण सभेत नाव घ्यायला अजून कुणाचं तोंड उघडलेलं नाही. पिंजरा ओढ्याकाठी उभा आहे, आत शेळी नाही. आजींनी दुसऱ्याच दिवशी ती परत मागून घेतली.

गावातल्या ज्या बाया हे वाचतील त्यांच्यासाठी: पुढची सभा 26 जानेवारीला, महिला सभा आदल्या दिवशी दुपारी चारला, अंगणवाडीत. वही घरी आली तर सही करू नका, अंगणवाडीत येऊन करा. मागच्या सभेचं प्रोसीडिंग आधी वाचायला लावायचं आहे, त्यात पोत्यांचा ठराव कोणत्या शब्दांत लिहिलाय ते मला ऐकायचंय. त्या दिवशी दूध साडेतीनपासून घेईन.