अँडोरा: सातबाऱ्यावर दोन नावं

अँडोरा म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या डोंगरातला चिमुकला देश. बार्सिलोनाहून बसने साधारण तीन तास, कारण अँडोराला ना विमानतळ आहे ना रेल्वे. बॉर्डरच्या दहाएक किलोमीटर आधी ला सेऊ दुर्झेल हे स्पेनमधलं गाव लागतं, आणि तिथला बिशप आजही अँडोराचा अर्धा राजा आहे. उरलेला अर्धा? फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष! ज्यांनी स्वतःच्या राजाचं मुंडकं उडवलं त्यांचाच निवडून आलेला माणूस शेजारी राजा, मला तर बसमध्येच हसू आलं.

भानगड जुनी आहे. 1133 मध्ये हे खोरं बिशपकडे आलं, पण चर्चकडे फौज कुठली, म्हणून राखणीला एक सरदार घराणं धरलं. पुढे लग्नंबिग्नं होत होत त्या घराण्याचा वारसा गेला फ्वाच्या काउंटकडे (फ्वा हे आजच्या दक्षिण फ्रान्समधलं संस्थान, काउंट म्हणजे तिथला सरदार), जो बिशपपेक्षा कैक पटीने तगडा, आणि मग राखणदारच म्हणायला लागला की जमीन माझी. खूप मारामाऱ्या झाल्या, शेवटी शेजारच्या अरागॉनचा (आजच्या स्पेनमधलं राज्य) राजा मध्ये पडला आणि 8 सप्टेंबर 1278 ला तह झाला. वाटणी केलीच नाही, खातं सामाईक! खंडणी एक वर्ष याला, एक वर्ष त्याला, न्यायनिवाडा दोघांचा मिळून. बिशपच्या खंडणीला मात्र 4000 ‘सू’ (तेव्हाचं नाणं) इतकीच मर्यादा, काउंटला काहीच नाही, यावरून कोणाचा हात वर होता ते कळतंच. 1288 मध्ये परत तह, त्यात दुसऱ्याला विचारल्याशिवाय किल्ला बांधायचा नाही. सांता कोलोमाच्या गोल मनोऱ्याच्या चर्चपाशी उभं राहून मी एन्क्लारचा डोंगर बघत होतो, काउंटने किल्ल्याचा घाट घातला होता तो तिथेच.

काउंटची गादी फिरत फिरत चौथ्या हेन्रीकडे आली, तो 1589 मध्ये फ्रान्सचा राजा झाला, आणि अर्धा हिस्सा त्याच्यासोबत फ्रान्सला.

कासा दे ला व्हाल बघाच. 1580 चं एका श्रीमंत कुटुंबाचं दगडी घर, 1702 मध्ये संसदेने विकत घेतलं. आत जुनी कागदपत्रं ठेवायचं एक लाकडी कपाट आहे, सात कुलुपांचं, प्रत्येक परगण्याकडे एक किल्ली, सगळे आल्याशिवाय उघडत नाही (आधी परगणे सहाच होते, सातवा 1978 चा). दोन मालकांच्या भांडणात कागद जपणारे हे लोकच जास्त हुशार वाटले मला.

आणि हो, बिशपला खंडणीत पैशांबरोबर हॅम, चीज आणि कोंबडेही जायचे, 1993 च्या राज्यघटनेपर्यंत! कोंबडे जिवंत.