एका कढईतले रात्रीचे जेवण: चिकन खिमा आणि ज्वारीच्या कण्या

अमेरिकेतल्या किराणा दुकानांत टर्कीचा खिमा वर्षभर मिळतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिथे अख्खी टर्की भाजून खाण्याची रीत असली, तरी एरवी नोकरदार घरांत हा खिमाच जास्त उपयोगी पडतो. तो लवकर शिजतो, त्यात चरबी बेताची असते आणि कांदा, टोमॅटो, एखादे धान्य व भाजी यांच्यासोबत एकाच पसरट भांड्यात अर्ध्या तासात चौघांचे जेवण तयार होते. माझी भाची टेक्सासमध्ये नोकरी करते आणि आठवड्यातून एकदा तरी हेच करते. तिने कृती पाठवली तेव्हा खाली एक ओळही जोडली होती: "मामा, तुमच्याकडे टर्की मिळणार नाही, पण तुम्ही काहीतरी जमवालच."

टर्की सोलापुरात मिळत नाही, हे तिचे म्हणणे जवळपास खरे आहे. आपल्या देशात हा पक्षी पाळलाच जात नाही असे नाही. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने 'कॅरी विराट' नावाची टर्कीची जातही तयार केली आहे. परंतु चौकातल्या चिकनच्या दुकानात जाऊन अर्धा किलो टर्कीचा खिमा मागण्याची सोय आपल्याकडे नाही, आणि त्यासाठी हळहळण्याचेही कारण नाही. टर्की म्हणजे हमखास कमी चरबी, हा समज पूर्णपणे खरा नाही. तिथल्या पाकिटावर ९३ टक्के मांस आणि ७ टक्के चरबी असे प्रमाण छापलेले असते, पण ८५ टक्केवालेही पाकीट शेजारीच ठेवलेले असते, कारण खिम्यात पक्ष्याची कातडी मिसळायला तिथे परवानगी आहे. आपण दुकानदाराला कातडी काढून, निम्मे छातीचे आणि निम्मे मांडीचे मांस समोर दळून द्यायला सांगितले, तर हाती येणारा खिमा त्या ९३ टक्केवाल्या पाकिटापेक्षा कुठेही कमी ठरत नाही. नुसत्या छातीचा खिमा मात्र घेऊ नये. कागदावर तो सर्वांत पौष्टिक दिसतो, पण कढईत भुशासारखा कोरडा होतो. मांडीच्या मांसामुळे त्याला ओलावा येतो.

धुण्याच्या बाबतीत आपल्या घरांत एक आग्रह असतो. खिमा घरी आणून दोन पाण्यांतून धुतल्याशिवाय तो चुलीवर चढवायचा नाही. धुतलेला खिमा इतके पाणी धरून ठेवतो की पुढे तो भाजला जात नाही, नुसता उकळत राहतो. शिवाय कच्च्या कोंबडीवर नळ सोडला की त्याचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर आणि पाण्याच्या भांड्यावर उडतात, हा धोका वेगळाच. धुण्याने जंतू जात नाहीत. ते मरतात शिजवण्याने. अख्ख्या तुकड्यावर जंतू प्रामुख्याने बाहेरच्या बाजूला असतात, पण दळल्यावर ते सगळीकडे मिसळतात, म्हणूनच कोंबडीचा किंवा टर्कीचा खिमा आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचेल इतका शिजलाच पाहिजे, असा अमेरिकेतला सरकारी नियम आहे. आपल्या उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर कच्चे मांस तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये, आणि सोलापुरात मार्च ते मे संध्याकाळी सहालाही पारा त्याच्या वरच असतो. त्यामुळे मी आधी लक्ष्मी मंडईतून भाजी घेतो आणि खिमा अगदी शेवटी, घराकडे वळताना घेतो.

भाचीच्या कृतीत धान्य म्हणून तांदूळ होता. आमच्याकडे तांदळाची जागा ज्वारीच्या कण्यांनी घेतली, आणि माझ्या मते या जेवणाचा खरा प्राण त्या कण्याच आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जिच्या भाकरीवर हा जिल्हा पोसला गेला ती मालदांडी ३५-१ ही जात १९३०च्या दशकात आपल्याच मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडली गेली. इतके असूनही हल्लीच्या घरांत ज्वारी म्हटले की फक्त भाकरीच आठवते. भाकरी थापायला हात लागतो, वेळ लागतो आणि दुसरी शेगडी लागते. कण्यांना यातले काहीच लागत नाही. गिरणीवाल्याला जाडसर भरडून द्यायला सांगावे, घरी चाळून पीठ वेगळे करावे, आणि उरलेल्या कण्या डब्यात भरून ठेवाव्यात. महिनाभर चिंता नाही. सकाळी कामावर जाताना एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम कण्या धुऊन, दोन वाट्या पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवतो. बाहेर ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत त्यांची आंबील व्हायला लागते.

आमच्या अण्णांना हे सहजासहजी पटले नाही. "कण्या आम्ही बहात्तरला खाल्ल्या. आता मुद्दाम कशाला खायच्या?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांच्या पिढीच्या दृष्टीने तो रास्तच आहे. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर मिळे आणि खडी फोडण्याच्या कामावर सुकडी वाटली जाई, हे ज्यांनी पोटाने अनुभवले आहे, त्यांना कण्यांचे कौतुक सांगणे अवघडच. मी वाद घातला नाही. त्यांच्या ताटाशेजारी कडक भाकरीचा एक चतकोर ठेवला. तो चुरून त्यावर त्यांनी कढईतला खिमा घेतला आणि कण्याही निमूटपणे संपवल्या.

आता कढईकडे वळतो. ती पसरट आणि जड बुडाची हवी. माझ्याकडे बिडाची आहे. चौघांसाठी अर्धा किलो खिमा घेतला तर तळ किमान एक वीत रुंद असावा, कारण खिमा पातळ थरात पसरला गेला तरच भाजला जातो. उभट पातेल्यात तोच खिमा ढीग होऊन बसतो आणि स्वतःच्याच पाण्यात शिजतो. तसे झाले तर रंग पांढुरका राहतो आणि कितीही मसाला घातला तरी चव वरवरचीच लागते. पाणी असेपर्यंत तळाचे तापमान १०० अंशांच्या वर फारसे जात नाही, आणि मांसाला तो तपकिरी रंग आणि खमंगपणा येण्यासाठी साधारण १४० अंश लागतात. एका कढईच्या स्वयंपाकात हा मुद्दा समजला की बाकीचा क्रम आपोआप सुचतो.

कढई मोठ्या आचेवर चांगली तापू द्यावी, दोन चमचे करडईचे तेल घालावे आणि खिमा पसरून हात मागे घ्यावा. इथे उलथने फिरवण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो तीन-चार मिनिटे आवरावा. प्रथम कडा गुलाबीच्या पांढऱ्या होतात. मग सगळीकडून पाणी सुटते आणि कढईत जोरात खदखद सुरू होते. हे पाणी आटत आले की आवाज बदलतो. खदखद थांबून बारीक चुरचुर ऐकू येते, वाफ विरळ होते आणि भाजल्याचा वास ओट्यावरून बैठकीपर्यंत जातो. त्या आवाजावर लक्ष ठेवले तर घड्याळ पाहावे लागत नाही. आता उलथन्याने खिमा खरवडून उलटावा, गुठळ्या फोडाव्यात, आणि सगळा एका बाजूला सारून मधल्या मोकळ्या जागेत बारीक चिरलेले दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि दोन हिरव्या मिरच्या ठेचून घालाव्यात. कांदा मऊ झाला की पाव चमचा हळद आणि दीड-दोन चमचे काळा मसाला घालून अर्धा मिनिट परतावे. मसाल्यातले तीळ आणि सुके खोबरे लगेच करपते, म्हणून टोमॅटो चिरून आधीच हाताशी असावेत. टोमॅटोचे पाणी सुटले की तळाला चिकटलेली खरवड त्यात विरघळते आणि सगळी चव रश्श्यात उतरते. मसाल्याची वेगळी पूड किंवा पाकीट यात लागत नाही. भाचीच्या कृतीत तयार मसाल्याचे पाकीट होते, आणि तसल्या पाकिटात मीठ बरेच असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, तेव्हा ते आपल्या हाताने घातलेले बरे.

यानंतर भिजलेल्या कण्या त्यांच्या पाण्यासकट घालाव्यात आणि वरून दीड वाटी गरम पाणी ओतावे. गाजराच्या बारीक फोडी याच वेळी जातात. मीठ घालून एक उकळी आली की झाकण ठेवून आच मंद करावी. पंधरा ते अठरा मिनिटांत कण्या मऊ होतात, पण दाणा दाताखाली जाणवत राहतो. तळाला लागू नये म्हणून मधे एकदा हलवावे, आणि कोरडे वाटल्यास अर्धी वाटी गरम पाणी घालावे. गार पाणी घातले तर कण्या आखडतात. ढोबळी मिरची किंवा मटार शेवटच्या सहा-सात मिनिटांत घालावेत, आणि मेथी किंवा शेपू तर अगदी शेवटी, फक्त कोमेजण्यापुरता. हिवाळ्यात मी मेथीची अख्खी जुडी घालतो. इतकी भाजी वेगळी करून वाढली असती तर मुलांनी ताटात तशीच ठेवली असती.

सोलापूरची म्हणावी अशी गोष्ट यानंतर येते. गॅस बंद करण्याआधी चार लहान चमचे शेंगाचटणी घालतो. खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली चटणी असेल तर ती रश्श्यात विरघळून त्याला दाटपणा देते, लसूण आणि तिखटाची दुसरी पातळी आणते आणि कमी चरबीच्या मांसाला जो ओशटपणा हवा असतो तो पुरवते. मिक्सरमधून काढलेली कोरडी चटणी तसे काम करत नाही. ती नुसती वर तरंगते. झाकण ठेवून पाच मिनिटे तसेच राहू द्यावे, मग लिंबू पिळून कोथिंबीर घालावी. सोबत कच्चा कांदा आणि वाटीभर दही असले की आणखी काही लागत नाही.

पौष्टिकतेचा ढोबळ हिशेब मी केला आहे. अर्धा किलो खिम्यातून साधारण १०० ग्रॅम प्रथिने मिळतात, ज्वारीतून २० आणि चटणी व भाज्यांतून थोडी, म्हणजे माणशी ३० ग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. ६० किलोच्या माणसाला ती सुमारे ५० ग्रॅम होतात. एका वेळच्या जेवणात त्यातला अर्ध्याहून अधिक वाटा भरतो, आणि ऊर्जा माणशी सव्वाचारशे ते साडेचारशे कॅलरींच्या पुढे जात नाही. आपल्या नेहमीच्या रात्रीच्या ताटात भाकरी-भाताचा भाग मोठा आणि डाळीचा लहान असतो. मांसाहारी घरांतही मटणाचा बेत रविवारीच होतो आणि त्यात तर्रीच जास्त असते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत प्रथिनांची ही तूट भरून काढायला एवढा सोपा मार्ग मला दुसरा सापडलेला नाही.

एका भांड्याचा फायदा सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. ज्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येते, तिथे रात्री दहा वाजता घासायला कुकर, तवा, परात, कढई आणि दोन पातेली पडली की कोरड पडते ती घशाला नव्हे, तर पिंपाला. इथे एक कढई, एक सुरी, एक चिरायचा पाट आणि ताटे एवढेच धुवायचे असते. बिडाच्या कढईत मात्र उरलेले जेवण तसेच ठेवू नये, कारण टोमॅटोच्या आंबटपणाने ते काळपट पडते आणि त्याला लोखंडी चव येते. ते लगेच स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावे, कढई गरम असतानाच पाणी आणि काथ्याने घासावी, पुसून मंद आचेवर कोरडी करावी आणि तेलाचे बोट फिरवून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी कण्या घट्ट झालेल्या असतात. डब्याला न्यायचे असेल तर त्या गरम पाणी घालून वाफ येईपर्यंत चांगल्या तापवाव्यात. त्यापेक्षा उत्तम उपाय म्हणजे त्यात ज्वारीचे आणि थोडे बेसनाचे पीठ मिसळून थालीपीठ लावणे. नाश्त्याला त्याच्यासमोर दुसरे काही टिकत नाही. श्रावणात हाच क्रम मोड आलेल्या मटकीवर चालतो. फक्त मटकीला पाणी सुटत नसल्याने ती कांदा-मसाल्यानंतर घालावी आणि शेंगाचटणी दोन चमचे वाढवावी.