मेरीला घेरी येत नाही

आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' या नाटकाचा विषय निघाला की मला हमखास विचारतात: नायक जॉन प्रॉक्टर खोट्या कबुलीजबाबापेक्षा फाशी पत्करतो, आणि तुम्ही त्याच्या मोलकरणीचं, मेरीचं, काय घेऊन बसता? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

प्रॉक्टर थोरच आहे. सालेमच्या कोर्टाचा न्याय उफराटा होता: चेटूक केलं म्हणून कबूल झालात तर जीव वाचतो, नाही म्हणालात तर फास. 1692 साली मॅसॅच्युसेट्समधल्या त्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती, वस्तीत 19 जण असे फासावर गेले, आणि म्हातारा जाइल्स कोरी छातीवर धोंडे रचून मारला गेला. आपणही त्यांच्यातलेच निघालो असतो, असं नाटक वाचताना प्रत्येकाला वाटतं. मला नाही वाटत.

मेरी वॉरन ही प्रॉक्टरच्या घरची नोकर, अठरा वर्षांची, भित्री. किंचाळत, बेशुद्ध पडत गावातल्या बायकांकडे बोटं दाखवणाऱ्या पोरींपैकी एक. दुसऱ्या अंकात ती कोर्टातून घरी येते आणि दिवसभर बसल्या बसल्या शिवलेली चिंधीची बाहुली मालकिणीला देते. मालक झोपायला पिटाळतो, तर ही ऐकवते की माझ्याशी नीट बोला, आज न्यायाधीश आमच्याबरोबर जेवायला होते! कालपर्यंत हिला कुणी विचारत नव्हतं. त्या मोठेपणाचा तिला झालेला बावळट आनंद मिलरने असा पकडलाय की तिचा रागही धड येत नाही. जरा वेळाने त्याच बाहुलीत सुई सापडते आणि तेवढ्यावरून चेटकीण म्हणून मालकिणीला धरून नेतात.

मी अडकते ती मात्र तिसऱ्या अंकात. आम्ही सोंग करत होतो, असं मेरी कोर्टात सांगते. मग आत्ता कर सोंग, न्यायाधीश म्हणतात, पड बेशुद्ध. ती उभी राहते, वाट बघते. काही होत नाही.

माझी एक मावशी नवरात्रात अष्टमीला घागरी फुंकायची. बायकांचा फेर, घागरींचा घुमणारा आवाज, आणि थोड्या वेळात मावशीचे डोळे अनोळखी व्हायचे. एकदा दुपारी ती गवार मोडत बसली होती, तेव्हा मी म्हटलं, "मावशी, आत्ता दाखव ना तसं." ती आधी हसली, मग जरा ओशाळली. "अगं, एकटीला नाही गं येत." अष्टमीला ती खोटी नव्हती आणि त्या दुपारीही नाही. (मावशीपायी कुणी फासावर गेलं नाही, हा फरक आहेच.)

मेरी खरीखुरी होऊन गेली, प्रॉक्टरच्याच घरी कामाला. तिचे झटके थांबावेत म्हणून त्याने तिला चरख्याला बसवलं आणि फोडून काढायची धमकी दिली, अशी नोंद आहे. तो घरात असेपर्यंत झटके थांबलेही. पुढे तिने या पोरी ढोंग करतात म्हटलं, तर तिच्यावरच आरोप झाला, आणि ती पुन्हा त्यांच्यात जाऊन बसली. मिलरने बाकी बरंच बदललं. या पोरींची म्होरकी ॲबिगेल, अकरा-बारा वर्षांची, तिला सतरा वर्षांची केलं, साठीच्या प्रॉक्टरला पस्तिशीत आणलं आणि दोघांचं लफडं रचलं. एका पोरीच्या सुडापायी गाव पेटलं, हे मला फार सोयीचं उत्तर वाटतं. मेरीच्या बाबतीत मात्र त्याला फार काही रचावं लागलं नाही. नाटक आलं 1953 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा दोस्त, दिग्दर्शक एलिया कझान याने कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या अमेरिकी संसदीय समितीपुढे जुन्या कम्युनिस्ट सोबत्यांची नावं सांगितली होती.

अंकाच्या शेवटी ॲबिगेलला तुळईवर पिवळा पक्षी दिसायला लागतो. मेरी "थांबवा" म्हणते, की सगळ्या पोरी एका सुरात "थांबवा" म्हणतात. ती जे बोलेल ते तिच्यावर परत येतं. शेवटी ती प्रॉक्टरला सैतानाचा माणूस म्हणते आणि रडत ॲबिगेलकडे धावते. ॲबिगेल तिला जवळ घेते.

नोकरीत असताना आमच्या विभागातल्या एका बाईंविरुद्ध तक्रारअर्ज फिरला होता. त्यात लिहिलेलं मी काहीच पाहिलेलं नव्हतं. माझी सही सातवी. नंतर सगळ्यांनी मिळून चहा घेतला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली.