बुरशीवरचे औषध थांबते तेव्हा

प्रत्यारोपणानंतर नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली जातात, आणि त्यांच्याचमुळे एरवी निरुपद्रवी असणाऱ्या बुरशींना रक्तात, फुप्फुसात, कधी मेंदूपर्यंतही शिरकाव करता येतो. अशा संसर्गांत कॅन्डिडा या बुरशीचे प्रमाण एकंदरीत सर्वाधिक असते. फुप्फुस प्रत्यारोपणात मात्र ॲस्परजिलस ही बुरशी पुढे असते, कारण तिचे बीजाणू श्वासाबरोबर थेट नव्या अवयवातच पोहोचतात आणि श्वासनलिकेच्या जोडाला सुरुवातीला रक्तपुरवठाही बेताचाच असतो. त्यात स्टेरॉइडमुळे ताप दबलेला राहतो, त्यामुळे किरकोळ खोकला किंवा रेंगाळलेली डोकेदुखी एवढ्यावरूनही सीटी स्कॅन करणे मला अतिरेकी वाटत नाही.

निदान झाल्यावर खरी कसरत सुरू होते. ॲस्परजिलसवर सहसा व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध देतात. पण यकृतातील ज्या एन्झाइममुळे टॅक्रोलिमसचे विघटन होते, त्यालाच ते रोखते. म्हणून टॅक्रोलिमसचा डोस सुरुवातीलाच सुमारे एक तृतीयांशावर आणावा लागतो, अन्यथा रक्तातील पातळी वाढून हात थरथरतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. व्होरिकोनॅझोलची स्वतःची पातळीही तपासावी लागते (साधारणपणे १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर), कारण तेच औषध कोणाच्या शरीरात लवकर संपते, कोणाच्या साचत जाते.

उपचार सुरू होताना सगळेच सावध असतात. माझ्या मते अधिक जोखमीचा क्षण उपचार संपतानाचा असतो: व्होरिकोनॅझोल थांबले की एन्झाइम पुन्हा कामाला लागते, टॅक्रोलिमसची पातळी घसरते, आणि डोस वेळेवर वाढवला नाही तर संसर्गातून वाचलेला अवयव नाकारला जाण्याची भीती असते. गोळ्या संपल्या म्हणून रुग्णाने प्रत्यारोपण केंद्राला न कळवता औषध बंद करणे त्यामुळेच धोक्याचे आहे.

म्युकर या बुरशीवर तर व्होरिकोनॅझोल चालतच नाही. तिथे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे दुसरे बुरशीविरोधी औषध आणि शस्त्रक्रिया लागते, आणि ॲम्फोटेरिसिनचा ताण पडतो तो मूत्रपिंडावर, मग ते प्रत्यारोपित का असेना. सहसा वर्षभरानंतर उद्भवणाऱ्या क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या संसर्गात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे झटकन कमी करण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूत तीव्र दाह निर्माण करू शकते. म्हणून ती औषधे टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागतात.