आमच्या कॉमन रूममध्ये मीटर नव्हता

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

पितृपक्ष चालू, त्यामुळे सर्जिकल वॉर्ड निम्मा रिकामा. हर्निया, गुडघे, पित्ताशयाचे खडे, जे जे पुढे ढकलता येतं ते सगळं घटस्थापनेनंतर. सर्जन कुरकुरतात. आम्ही मनातल्या मनात पितरांना हात जोडतो, कारण या पंधरवड्यात चहा गरम असताना प्यायला मिळतो.

त्याच गरम चहाबरोबर अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर बॅचच्या ग्रुपवर ऐंशी मेसेज. धस्सच झालं. आमच्या वयात ऐंशी मेसेज म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर कुणाच्या तरी पोराला नव्वद टक्के पडले. पण दोन्ही नव्हतं. आयर्लंडला गेलेल्या गडहिंग्लजवालीने पहाटेच टाकून ठेवलं होतं की 'द पिट' या अमेरिकन हॉस्पिटलच्या मालिकेला एमी, म्हणजे तिकडचं टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं. सर्वोत्कृष्ट मालिका, नोआ वायलीला मुख्य अभिनेत्याचं, आणि खाली वेगळ्या ओळीत: "आपल्या सिस्टरला पण!!!"

आपली सिस्टर म्हणजे डेना. पिट्सबर्गमधल्या कॅज्युल्टीची इन्चार्ज. कॅथरीन लानासा या बाईंनी ती अशी उभी केलीय की पहिल्याच भागात मी मुलाला म्हटलं, ही बाई कुठंतरी नोकरी करून आलीय. पंधरा भाग, प्रत्येक भाग एका तासाचा, आणि सगळे मिळून एकच शिफ्ट. बेड कुठे खाली होतोय हे डेनाला कॉम्प्युटरच्या आधी माहीत असतं. नवीन डॉक्टर पोरं आधी तिच्या तोंडाकडे बघतात आणि मग ऑर्डर लिहितात. आमच्याकडे याला "सिस्टर, काय करू?" म्हणतात, फक्त ते केस पेपरवर कुठे येत नाही.

ती बाहेर सिगरेट ओढायला जाते आणि तासन्‌तास ताटकळलेला एक पेशंट येऊन तिच्या तोंडावर ठोसा मारतो, तिथे मी मोबाइल उलटा ठेवला. मला २०१४ मध्ये एका नातेवाइकाने ड्रेसिंगची ट्रे फेकून मारली होती. कुठल्या हॉस्पिटलात, ते जाऊ दे. डाव्या भुवईत दोन टाके. ज्या भिंतीला टेकून मी खाली बसले त्याच भिंतीवर २०१० च्या कायद्याचा बोर्ड होता, वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवर हल्ला केल्यास अमुक शिक्षा वगैरे. टाके घालून मी उरलेली नाइट पूर्ण केली. डेनाही करते. ग्रुपवरच्या ऐंशीपैकी पन्नासेक मेसेज त्याच प्रसंगावर होते, आणि कुणी अभिनयाबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. प्रत्येकीने आपापली ट्रे सांगितली होती.

वायलीने भाषणात, आज रात्री ड्यूटीवर जाणाऱ्या आणि ड्यूटी संपवून येणाऱ्या सगळ्यांचे आभार मानले म्हणे. त्याची आई नर्स होती. हे माहीत नसतं तरी मी ओळखलं असतं. "ड्यूटीवर जाणाऱ्या आणि येणाऱ्या" अशी जोडी घरात कुणी नाइट केल्याशिवाय सुचत नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

रात्री झोप आली नाही. कारण ग्रुपवर बार्शीवालीने दुसरंच उकरून काढलं. ती म्हणाली, एमी गेलं उडत, आपलं 'दिल मिल गए' ते 'दिल मिल गए'.

२००७ चा ऑगस्ट. मिरजेत जीएनएमचं, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचं, दुसरं वर्ष. कॉमन रूममध्ये एकवीस इंची टीव्ही, तो लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मेट्रनच्या कमरेला. स्टार वनवर ही मालिका सुरू झाली आणि महिन्याभरात त्या किल्लीची किंमत औषधाच्या कपाटाच्या किल्लीपेक्षा वाढली. साठ मुली सतरंजीवर. मागे दारात उभ्या असलेल्या नाइटवाल्या: पांढरा युनिफॉर्म, पांढरे बूट, ओले केस, हातात डब्याची पिशवी. जाहिरात लागली की त्या वेणी घालून घ्यायच्या आणि मालिका सुरू झाली की अर्ध्या वेणीवर हात थांबायचा. एकदा अरमानचा, म्हणजे मालिकेतल्या हिरो डॉक्टरचा, एवढा मोठा क्लोजअप आला की एक जण तशीच एका बाजूने मोकळे केस घेऊन ड्यूटीला गेली आणि वॉर्डच्या सिस्टरांनी तिला दारातून परत पाठवलं.

त्यात २००७-०८ चं भारनियमन. ऐन वेळी लाइट जायची. मग ज्या गावात लाइट आहे तिथल्या मैत्रिणीला मिस्ड कॉल, तिचा उलटा फोन, आणि तिच्या तोंडून अख्खा भाग. "आता तो तिच्याकडे बघतोय. अजून बघतोय. अजून बघतोय." एसटीडीचे पैसे जात होते आणि तो अजून बघतोय.

आम्ही हसायचोही खूप. डॉक्टर घरच्या कपड्यांत कॅन्टीनमध्ये बसलेले, बायोमेडिकल कचऱ्याची लाल-पिवळी बादली कुठेच दिसायची नाही, आणि या जातीच्या सगळ्याच मालिकांचा तो लाडका प्रसंग: मॉनिटरवर सरळ रेघ आली की छातीला शॉक. सरळ रेघेला शॉक देत नाहीत हे आम्हाला नुकतंच शिकवलेलं. तिथे छाती दाबायची असते. साठ जणी एका सुरात ओरडायच्या, "सीपीआर दे, गाढवा!" आणि तरी पेशंट वाचला की टाळ्या.

पण मालिकेत सिस्टर होती का? कितीही आठवलं तरी चेहरा येत नाही. त्याआधीच्या 'संजीवनी'तही नाही. ती स्टार प्लसवर २००२ ते २००५ होती, आमच्या घरी आई आणि मी न चुकता बघायचो. मोहनीश बहलचा डॉक्टर शशांक, गुरदीप कोहलीची डॉक्टर जुही, आणि आपल्या इरावती हर्षे डॉक्टर सिमरन. मराठी बाई हिंदीत एवढी मोठी डॉक्टर झालीय याचं आईला कोण कौतुक. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर बाबांचा विरोध होता. आई म्हणाली, जाऊ दे की, संजीवनीतल्यासारखंच असतंय तिथं. पहिल्या आठवड्यात बेडपॅन धुताना मला तिची फार आठवण आली.

बुधवार, १७ सप्टेंबर

दोन शिफ्ट लागोपाठ. काही लिहायची ताकद नाही. बार्शीवालीने सकाळी 'दिल मिल गए'च्या हिरॉइनवरून फक्त एक प्रश्न टाकलाय: "पहिली रिद्धिमा की दुसरी?" आग लागलीय.

गुरुवार, १८ सप्टेंबर

गुरुवार म्हणजे आमच्या जाऊबाईंचा टीआरपीचा दिवस. मराठी मालिकांची यादी मोबाइलवर आली की त्या मला स्वयंपाकघरात वाचून दाखवतात, शेअर बाजार सांगावा तशा. आज त्यांची आवडती मालिका तिसऱ्यावरून पाचव्यावर घसरली. "आम्ही तर एक भाग चुकवला नाही," असं त्या अशा आवाजात म्हणाल्या की जणू त्यांच्या हजेरीत कुणी खाडाखोड केलीय.

मी त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही बघितलं काय नि नाही काय, आपल्या घरात मीटर कुठाय? त्यांचा विश्वास बसेना. त्यांना वाटत होतं सेट टॉप बॉक्समधूनच सगळं कळतं. तसं नसतं. बार्क म्हणून संस्था आहे, २०१५ पासून हे आकडे तीच देते. देशभरात निवडलेल्या घरांत तिचे मीटर असतात, ती घरं कुठली ते गुप्त. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतो. आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण: टीव्हीपुढे बसलात की आपलं दाबायचं, उठलात की परत दाबायचं. देशात टीव्ही असलेली घरं तेवीस कोटी. मीटर अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. म्हणजे चार हजार घरांत एक.

"मग आपल्या गल्लीत एकाकडे पण नाही?" जाऊबाई.

मी म्हटलं, गल्ली काय घेऊन बसलात. थेंबभर रक्तावरून शुगर कळते तसं आहे ते, थेंब नीट काढला असेल तर बरोबरच येतं. (२०२० मध्ये मुंबई पोलिसांनी काढलेलं प्रकरण आठवलं, ठरावीक वाहिन्या लावून ठेवायला मीटरवाल्या काही घरांना पैसे दिल्याचं. पण ते त्यांना सांगितलं नाही, आधीच पाचव्या नंबरचं दुःख होतं.)

आमच्या हॉस्टेलच्या काळात तर बार्कही नव्हतं. तेव्हा आकडे टॅम नावाची कंपनी द्यायची. सरकारने २०१० मध्ये नेमलेल्या अमित मित्रा समितीने बघितलं तर मीटर जेमतेम आठ हजार, आणि खेडी त्यात नाहीतच. खेड्यांचे आकडे यायला २०१५ चा ऑक्टोबर उजाडला, आणि ते आल्याबरोबर हिंदी वाहिन्यांचा क्रमच उलटापालटा झाला. म्हणजे शिरोळ तालुक्यातली माझी आई, जिने संजीवनी बघून पोरगी नर्सिंगला घातली, ती हिशेबात कुठेच नव्हती. आणि आमची कॉमन रूम? मीटर बसतो तो घरात. हॉस्टेल हे घर नव्हे. साठ मुली, एक टीव्ही, आणि वजन शून्य.

पोळ्या लाटता लाटता हे बोलले आणि मलाच राग आला. स्टार वनचे आकडे सासू-सुनांच्या स्टार प्लसजवळ कधी गेले नाहीत, हे तेव्हाही वाचायचो आणि आम्हाला ते खोटंच वाटायचं. मिरजेत कुठल्याही नर्सिंग हॉस्टेलात जा, दुसरं काही लागलेलंच नसायचं! ते आकडे खोटे नव्हते. मोजताना आम्ही खोलीबाहेर होतो, एवढंच. २०१० च्या ऑक्टोबरात मालिका संपली, पुढच्या वर्षअखेरीला स्टार वनच बंद होऊन तिथे लाइफ ओके आलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

मुलाने हिशेब काढला. वायली १९९४ पासून 'ईआर' या जुन्या हॉस्पिटल-मालिकेत शिकाऊ डॉक्टर होता, तेव्हा त्याला पाच वेळा नामांकन मिळालं आणि एकदाही एमी नाही. त्या 'ईआर'चा नोव्हेंबर १९९५ मधला एक भाग अमेरिकेत ४ कोटी ८० लाख लोकांनी एका रात्रीत पाहिला. साडेपाच माणसांमागे एक. 'द पिट'चा कंपनीने सांगितलेला आकडा भागामागे एक कोटीहून थोडा जास्त, तोही लोकांनी सवडीने बघितलेला. मुलगा म्हणाला, म्हणजे ही जुनीच्या पावपटच चालली की. मी म्हटलं, नाइट करून आलेली बाई गुरुवारी रात्री दहाला टीव्हीपुढे कशी बसणार? आता ती सकाळी दहाला बघते, पडदे ओढून. जुना आकडा रात्री घरी असणाऱ्यांचा होता.

तो म्हणाला, हे तू पुरावा नसताना बोलतेस. बरोबर आहे. पण मी बोलणार.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. ग्रुपवर अजून तेच. नीट सांगायचं तर भांडण असं: पहिली रिद्धिमा शिल्पा आनंद, २००८ मध्ये ती गेली आणि सुकिर्ती कांडपाल आली, नंतर जेनिफर विंगेट. एकच मुलगी, तीन चेहरे, आणि मालिकेतला एकही डॉक्टर विचारत नाही की बाई तू कोण. दुसरी आली त्या रात्री कॉमन रूममध्ये कुणी जेवलं नाही. गडहिंग्लजवालीने वहीच्या पानावर वाहिनीला पत्र लिहिलं, खाली एकोणचाळीस सह्या. बाकीच्या एकवीस जणींशी पंधरा दिवस बोलणं बंद. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंट ताब्यात घेतानासुद्धा, फक्त बेड नंबर आणि सलाईन. अरमानच्या जागी सिद्धांत आला तेव्हा सिद्धांतवाल्या आणि अरमानवाल्या अशी आणखी एक फूट. पत्राला उत्तर आलं नाही. यायचं कारणही नव्हतं; पण पोस्टमन आला की आम्ही गेटपर्यंत धावायचो.

२०१९ मध्ये 'संजीवनी' पुन्हा आणली, शशांक आणि जुही जुनेच. आईने हौसेने लावली, मी दोन भाग बघितले. आकडे बरे नव्हते, २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली. त्याच महिन्याच्या शेवटी खरी हॉस्पिटलं भरायला लागली आणि घरोघरी दूरदर्शनवर 'रामायण' लागलं. मी तेव्हा पीपीई किटमध्ये होते. आई फोनवर म्हणाली होती, बघवत नाही गं आता दवाखान्याचं काही.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. सकाळी आठला ओव्हर घेतली तेव्हाच सात अ‍ॅडमिशन रांगेत. दोन गुडघे, तीन हर्निया, एक पित्ताशय, आणि एक आजी ज्यांना नेमकं काय झालंय ते त्यांच्या तिन्ही सुनांनी वेगवेगळं सांगितलं. चहा गार झाला तो झालाच.

ट्रेनिंगची एक पोरगी आयव्ही लावताना हळूच म्हणाली, "सिस्टर, तुम्ही डेनासारख्या ओरडता." हॉस्टेलात सगळ्या जणी पांघरुणात मोबाइलवर बघतात म्हणे, एकाच्या पासवर्डवर आठ जणी. मी म्हटलं, आधी टुर्निकेट सोड, मग बोल.

दुपारी लॉकरशी उभी राहून ग्रुप उघडला. बार्शीवालीने मतदान लावलंय. सुकिर्ती अकरा, जेनिफर अकरा, शिल्पा दहा. माझ्या नावापुढे "अजून मत दिलं नाही" म्हणून गडहिंग्लजवालीने आयर्लंडहून तीनदा हाक मारलेली.

शिल्पावर बोट ठेवलं, फोन लॉकरमध्ये टाकला. चार नंबरच्या आजींची बेल वाजत होती.