ग्रुप प्रोजेक्टमधलं भांडण आम्ही कसं मिटवलं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी प्रोजेक्ट घेतला तो मुंबईतल्या हिंदमाताला पाणी तुंबण्याची आगाऊ सूचना देण्याचा. विषय सगळ्यांना आवडला, पण पुढे पटेना. विरारच्या मित्राला पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बनवायचा होता. बदलापूरच्या मैत्रिणीला पाऊस आणि भरतीच्या आकड्यांवरून अंदाज बांधणारं मॉडेल हवं होतं. पनवेलच्या मित्राने तर ग्रुपवर उत्तरं देणंच सोडलं.

गाईड सरांकडे जायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी अडवलं. सरांनी एकाच्या बाजूने निकाल दिला असता, तर दुसऱ्याचं मन कामातून उडालं असतं, असं मला आजही वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालायचा नाही, हे आधी ठरवलं. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्हींना सोयीचं म्हणून दादरला भेटलो. रविवारी मेगाब्लॉक, म्हणून शनिवारी.

मी म्हटलं, कुणाला काय हवंय ते पाठ झालंय. आता का हवंय ते सांगा, आणि एक जण बोलत असताना मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. तेव्हा खरं बाहेर आलं. विरारच्या मित्राने एका सीनियर ग्रुपचा डेमो व्हायवात बंद पडताना पाहिला होता. त्याला हातात चालणारी वस्तू हवी होती. मैत्रिणीला नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला मॉडेल हवं होतं. दोघांच्या गरजा एकमेकींच्या आड येतच नव्हत्या! शिवाय विषयालाही दोन्ही लागत होतं. हिंदमाता सखल भाग. त्यात मोठ्या भरतीला समुद्राची पातळी नाल्यांच्या मुखांपेक्षा वर गेली की पावसाच्या पाण्याचा निचरा अडतो. सेन्सरला हे पाणी साचल्यावरच कळणार आणि मॉडेलला अंदाज पडताळायला प्रत्यक्ष पातळी लागणार. म्हणून सेन्सरचे आकडे मॉडेलला द्यायचं ठरलं.

पनवेलचा मित्र संध्याकाळी शिकवण्या घेऊन फी भरत होता, आणि आमचे कॉल नेमके त्याच वेळी. हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं. टेस्टिंग आणि ब्लॅक बुकचं, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाचं, लिखाण तो रात्री करणार म्हणाला. "लिहिणं म्हणजे काय काम?" असं विरारकडून आलंच. मी शीट उघडली आणि प्रत्येक कामापुढे एकेकाचं नाव व तारीख घातली. दोरखेचीवर प्रयोग करणाऱ्या मॅक्स रिंगेलमानला आढळलं होतं की माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी पडतो. पुढे 1979 च्या सुमारास मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या आणि ओरडण्यावर असेच प्रयोग केले. आपला वाटा वेगळा दिसणार असेल तर माणूस कमी हात आखडतो, हेही नंतर दिसलं. आमच्याकडे ते खरं ठरलं. पनवेलची टेस्टिंगची नोंद सगळ्यांत नेटकी निघाली आणि सेन्सरमधली एक चूकही त्यानेच पकडली. त्यानंतर विरारकडून तो टोमणा आला नाही.

ब्लॅक बुकवर नावं कोणत्या क्रमाने टाकायची, यावरून पुन्हा कुरबुर झाली. रोल नंबरप्रमाणे टाकली.